मळ्या मासा : एका नावाचे वाचन

सह्याद्रीतील ओढ्यांत राहणाऱ्या लहान माशांविषयीचे आरंभीचे शास्त्रीय लेखन पाहता दोन निराळ्या रीती आढळतात. एकीत माशाचे लोकांच्या तोंडचे नावच लॅटिन नामावलीत घेतले आहे; सुमारे ऐंशी वर्षांनंतरच्या दुसरीत नाव शरीररचनेवरून बनविले आहे.

पहिल्या रीतीचा लेखक कर्नल विल्यम हेन्री साइक्स होय. १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून तो दख्खनभर फिरला. तेथील माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे १८३८ मध्ये वाचला गेला आणि १८३९ मध्ये त्याचे वृत्त छापले गेले. त्यातील एक लहान मासा आज ‘गारा मुल्या’ म्हणून ओळखला जातो. खालच्या ओठामागील चकतीने तो वाहत्या पाण्यातील दगडास चिकटून राहतो आणि शेवाळ खरवडून खातो.

‘मुल्या’ हा उच्चार मात्र चुकीचा म्हणावा लागतो. त्या काळचे इंग्रज ऱ्हस्व ‘अ’साठी रोमन ‘यू’ लिहीत. स्वतः साइक्सने ‘दख्खन’ हा शब्द दोन्ही ठिकाणी ‘यू’ घालून लिहिला आहे. म्हणजे मूळ शब्द ‘मल्या’ किंवा ‘मळ्या’. कात्रीवाचक ‘कतरणी’चे त्याच निबंधात ‘कुतुर्नी’ झाले आहे, तेही याच लेखनपद्धतीमुळे. हा केवळ शब्दच्छल नव्हे. साइक्सच्या मळ्याचा मूळ नमुना आज उपलब्ध नाही. त्यामुळे त्याचे त्रोटक वर्णन, प्रदेश आणि नाव एवढ्यावरच ओळख पटवावी लागते, आणि या तिहींपैकी नाव तरी नीट वाचले पाहिजे.

दुसरी रीत नेल्सन अॅनंडेल याची. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणि-सर्वेक्षणाचा हा पहिला संचालक. मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवरील १९१९ च्या लेखात त्याने खंडाळ्याच्या एका चिमुकल्या माशास ‘टेंटॅक्युलेटस’, म्हणजे स्पर्शिकायुक्त, असे नाव दिले. पुढे १९२१ मध्ये सुंदरलाल होरा यांनी त्यासाठी ‘पॅराप्सिलोऱ्हिंकस’ ही प्रजाती स्थापिली. येथे नमुने संग्रहालयात आले. लोकांचा शब्द मात्र नावात आला नाही. शास्त्राच्या दृष्टीने ही प्रगतीच होय, परंतु इतिहासाच्या अभ्यासकास साइक्सची ढिलाई अधिक उपयोगी पडते.

खंडाळा-लोणावळ्याचा माथा हा पाणलोटाचा कणा. तेथून इंद्रायणी पूर्वेस जाते, तर राजमाचीच्या परिसरातून उल्हास नदी पश्चिमेस उतरून कर्जत, नेरळ, बदलापूर या मार्गाने कल्याणच्या खाडीकडे येते. साइक्सचे क्षेत्र घाटमाथ्यावरचे, अॅनंडेलच्या लेखातील मासे मुख्यतः सातारा व पुणे जिल्ह्यांतील. उल्हासच्या खालच्या खोऱ्यापर्यंत दोघांचीही दृष्टी गेली नाही. या खोऱ्यातील कल्याण छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन वसाहतीस नदीचेच नाव मिळाले. अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्याने पुढे इतकी दूषित झाली की दगड खरवडून जगणाऱ्या माशास तेथे थारा राहिला नाही.

यामुळे घाटाखालच्या ओढ्यांवर मासे धरणारे कातकरी व ठाकूर यांची बोली हे येथील एक महत्त्वाचे साधन ठरते. ‘ल’ की ‘ळ’, याचा निर्णय रोमन लिपी देत नाही. तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकूनच करावा लागतो.