साध्या इंजिनाला टर्बोचार्जर : तंत्र आणि कायदा
इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूच्या झोताने फिरून सिलिंडरमध्ये अधिक हवा दाबून भरणारे यंत्र म्हणजे टर्बोचार्जर. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

फोंड्याहून मोलेमार्गे अनमोड घाट चढताना अशी वाढीव शक्ती हवीशी वाटते. परंतु साध्या पेट्रोल इंजिनातील कॉम्प्रेशनचे प्रमाण मुळातच १०:१ च्या आसपास असते. त्यात आणखी हवा कोंबल्यास इंधन अवेळी पेटते व पिस्टन निकामी होऊ शकतो. म्हणून इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, ईसीयूची फेरजुळणी आणि प्रसंगी नवे पिस्टनही लागतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्राशी विसंगत बदलांस मनाई करते. कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.