रोल मिळतो का अजून?

गेल्या डिसेंबरात आपण सगळे वसई किल्ल्यात जमलो, तेव्हा मी पिशवीतून जुना कॅमेरा काढला आणि एकच हशा पिकला. "अरे, रोल मिळतो का अजून?" संध्याकाळपर्यंत ग्रुपवर तुमचे दोनशे फोटो येऊन पडले. मी दिवसभरात पाच काढले आणि ते हातात यायला पंधरा दिवस लागले. तोवर कोणाला त्यांची आठवणही उरली नव्हती. त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. स्मरणिकेच्या संपादकांनी मात्र सोडले नाही: "का काढतोस रोलवर, ते लिहून दे." सनावळीशिवाय उत्तर लिहिले की अर्धे गुण कापणाऱ्या आपल्या इतिहासाच्या बाई हे वाचणार आहेत, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

छायाचित्रणाची जाहीर घोषणा झाली १८३९ साली, फ्रान्समध्ये. दागेर यांच्या त्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे. सुंदर असे, पण एकच. त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी वेगळी वाट काढली. आधी कागदावर उलटे चित्र घ्यायचे, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे, आणि मग त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढायच्या. १८४१ मध्ये त्यांनी याचे पेटंट घेतले. ही उलटी छाया म्हणजे निगेटिव्ह. माझे सगळे म्हणणे तिच्याभोवतीच फिरणार आहे.

मुंबईला ही विद्या लवकर पोहोचली. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. शाळेत आपण भाऊ दाजींविषयी शिकलो, या धाकट्या भावाचे नाव काही आपल्या कानावर आले नाही.

आणि वसई? मूळचे गोव्याचे आणि मुंबईत डॉक्टरकी करणारे जोझे गेर्सन दा कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसई यांच्या इतिहासावर इंग्रजी पुस्तक छापले. त्यात सतरा छायाचित्रे आहेत. आपण ज्या कमानींखाली डबे खाल्ले, त्या किल्ल्याचे अवशेष जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी कॅमेऱ्यात धरले होते. तेव्हा प्रचलित असलेली पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, तिथल्या तिथे धुवायची. म्हणजे जिथे फोटो, तिथेच अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी. आपल्याकडच्या उन्हात काच आणखी लवकर सुकणार. मुंबईहून इकडे रेल्वे १८६४ पासून होती, पण स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत हा सगळा संसार बैलगाडीतूनच आला असावा. इतका खटाटोप करणारा माणूस कमानीसमोर आधी किती वेळ नुसता उभा राहिला असेल? ऊन कुठून येते, सावली कधी सरकेल, हे सगळे बघूनच तो काच ओली करणार.

पुढचा इतिहास सोपे होत जाण्याचा आहे. १८७१ मध्ये जिलेटिनची कोरडी काच निघाली आणि तंबू गेला. १८८८ मध्ये ईस्टमन यांचा कोडॅक आला आणि काचेच्या जागी रोल आला. पुढे त्याच फिल्मच्या पट्टीवर दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक फ्रेम करून टिपली आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला.

आपल्या वाट्याला आला तो आगफा क्लिक-३. मुंबईच्या मामाने मला आठवीत दिला. १२० चा रोल, चौकोनी बारा फोटो, मागच्या लाल काचेत आकडा दिसे. तेव्हा उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कंपनीचा 'इंदू' हा देशी रोल मिळायचा. पारनाक्याच्या स्टुडिओत रोल धुवायला टाकायचा आणि पैसे वाचवायला नुसत्या कॉन्टॅक्ट प्रिंट काढायच्या, म्हणजे निगेटिव्हएवढाच चिमुकला फोटो, भोवती पांढरी किनार.

फेब्रुवारी १९८४ मधल्या दहावीच्या निरोप समारंभाला माझ्याकडे असाच एक रोल होता. बारा फोटोंत अख्खी शाळा बसवायची होती. काय घ्यायचे याची मी आदल्या रात्री वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती. मुख्याध्यापक सर, बाई, मुलींचा घोळका (लांबून, जवळ जायची हिंमत नव्हती), विहिरीजवळचा वड, प्रयोगशाळेचे दार. सातवा फोटो मागच्या बाकावरच्या आपल्या मित्राचा, जो सरांची नक्कल करताना हात वर करून थांबला आहे. बाराव्यासाठी दोन उमेदवार होते, व्यासपीठ आणि घंटा. मी घंटेपाशी गेलो. आपले शिपाईकाका टोल द्यायला उभे होते. "माझा कशाला?" म्हणाले आणि टोपी नीट केली.

मी काही रोलचा हट्ट धरून बसलेला माणूस नव्हे. २००४ मध्ये घरी डिजिटल कॅमेरा आला आणि पुढची चौदा वर्षे मी त्यावरच फोटो काढले. सहली, लग्ने, बारशी, आपले २००९ चे स्नेहसंमेलन, सगळे त्यातच. पारनाक्याच्या स्टुडिओतही डार्करूमच्या जागी संगणक आला. ज्या कोडॅक कंपनीत १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार झाला, तिच्यावरच २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करायची पाळी आली. तिची प्रसिद्ध कोडाक्रोम फिल्म २००९ मध्ये बंद झाली. शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला. छत्तीस फोटो, पुन्हा कधीच नाही. त्यातले काही त्यांनी मुंबईत येऊन सिनेमातल्या कलावंतांचे काढले. हे वाचले तेव्हा मला माझ्या वहीचे मागचे पान आठवले.

मग जुलै २०१८ चा पाऊस आला. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, वसईत वीज नाही. आमचे घर तळमजल्यावरचे, आत गुडघाभर पाणी. संगणक खालच्या फळीवर होता. त्यातली आणि शेजारी ठेवलेली, अशा दोन्ही हार्ड डिस्क गेल्या. दुरुस्तीवाल्याने आठवडाभर ठेवून घेतल्या आणि मान हलवून परत दिल्या. चौदा वर्षांचे फोटो. दोन्ही डिस्क एकाच फळीवर ठेवल्या, ही चूक माझीच. २००९ च्या संमेलनाचे फोटो माझ्याकडे का नाहीत, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर. छापील अल्बमचाही लगदा झाला, पाने प्लॅस्टिकला चिकटून बसली.

त्याच कपाटाच्या तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात बटरपेपरात गुंडाळलेल्या निगेटिव्ह, सगळ्या भिजलेल्या. त्या फेकायच्याच बाकी होत्या, पण बायको म्हणाली, "या पाण्यातच धुतात ना?" खरेच होते. निगेटिव्हचा जन्मच पाण्यातला. डेव्हलपर, पाणी, हायपो, पुन्हा भरपूर पाणी. आम्ही दोघांनी त्या सुकू न देता स्वच्छ पाण्यातून काढल्या आणि स्वयंपाकघरात दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगल्या. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच रंगीत निगेटिव्ह डागाळल्या. कृष्णधवल जवळजवळ सगळ्या वाचल्या. निरोप समारंभाच्या बाराही.

सातव्या फोटोतला आपला मित्र २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत गेला. त्याच्या घरी त्याचा लहानपणीचा एकही फोटो नव्हता. वहिनींनी विचारले तेव्हा मी त्या सव्वादोन इंची निगेटिव्हवरून मोठी प्रत काढून दिली. कॉन्टॅक्ट प्रिंटवर न दिसलेल्या गोष्टी त्यात दिसल्या. शर्टाचे तुटलेले बटण, बोटांवरची शाई. मुलाने बापाला त्या वयात पहिल्यांदाच पाहिले.

म्हणून फिल्म अमर आहे असे मी म्हणणार नाही. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. खुद्द 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही. आपल्या दमट हवेत निगेटिव्हला बुरशी लागते. फिल्मचे रंगच खरे, हेही मला पटत नाही. रात्रीच्या उजेडात तुमचे फोन माझ्या कॅमेऱ्याच्या कितीतरी पुढे आहेत. खर्च तर विचारूच नका. रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅनिंग धरून मला हजार-दीड हजार पडतात, म्हणजे एका खटक्याला चाळीसेक रुपये.

पण ते चाळीस रुपयेच मला थांबवतात. बटण दाबण्याआधी बघायला लावतात. फोनवर मी आधी दाबतो आणि मग बघतो, बहुतेक वेळा बघतही नाही. रोलवर काढणाऱ्या तरुण मुलांशी बोललो की तीही हेच सांगतात, आणि ती मुले आपल्यासारखी जुन्या आठवणींत रमणारी नाहीत. त्यांनी लहानपणी रोल पाहिलेलाही नाही. गोव्यात पी. माधवन यांच्या संस्थेत सुईच्या भोकाच्या कॅमेऱ्यापासून फोटो काढायला शिकवतात. कोडॅकने २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली, ती अशाच गिऱ्हाइकांच्या जोरावर. बाकी प्रत्येकाची कारणे वेगळी असतील. माझे दुसरे कारण त्या बिस्किटांच्या डब्यात आहे. डबा आता माळ्यावर असतो.

तर हो, रोल मिळतो. मुंबईत बोराबाजारात विचारा किंवा घरबसल्या मागवा. किल्ल्यातल्या माझ्या पाचांपैकी एक फोटो या स्मरणिकेत आहे. समोरच्या पानावर शिपाईकाकांचा फोटो दिला आहे. शाळेच्या दप्तरात त्यांचा दुसरा फोटो सापडला नाही. त्यांच्या मागे, खांबाआड, अर्धा चेहरा दिसणारा एक मुलगा उभा आहे. भिंग लावूनही मला तो ओळखता आला नाही. तुमच्यापैकी कोणी असेल तर कळवा, त्याच्यासाठी एक कॉपी काढून ठेवली आहे.