रानपिंगळा : ओळखीचा इतिहास

रानपिंगळा हा घुबडांच्या स्ट्रिजिडी कुलातील, भारताच्या मध्य व पश्चिम भागांतील पानझडी वनांतच आढळणारा लहान पक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव अथेनी ब्लेविटाय असून जुन्या ग्रंथांत तो हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय या नावाने येतो. गावोगावी दिसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याशी त्याचे पुष्कळ साम्य असल्याने त्याचा इतिहास हा मुख्यतः ओळखीचा, आणि चुकलेल्या ओळखीचा, इतिहास होय.

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना हल्लीच्या छत्तीसगढमधील फुलझर परिसरात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळाला. त्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. (राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी संबंधित असलेले ह्यूम ते हेच.) पुढे भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांना १८७७ मध्ये ओरिसातील खरियार भागात, तर मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांना १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी तो आढळला. १८८४ नंतर मात्र विश्वसनीय नोंद नाही. जगातील संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने होते.

त्यांपैकी एका नमुन्याने शोधाची दिशाच बदलली. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याच्या संग्रहातील या कातड्याच्या चिठ्ठीवर गुजरातमधील तापीकाठचे मांडवी हे स्थळ व १९१४ हे वर्ष लिहिलेले होते. ही जातीची शेवटची नोंद म्हणून ग्रंथांतून उद्धृत होत राहिली. अमेरिकन पक्षिवैज्ञानिक एस. डिलन रिप्ली यांनी १९७६ मध्ये या जातीचा पुनर्विचार करणारा लेख लिहिला. परंतु पक्षी कोणाच्याही हाती लागला नाही. १९६८ मध्ये नागपूरजवळ घेतलेले म्हणून सांगितलेले छायाचित्रही पुढे साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचे ठरले.

पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी कातडे भरण्याची पद्धत व क्ष-किरण चित्रे यांच्या साहाय्याने मांडवीचा नमुना तपासला. तो डेव्हिडसन यांनीच पूर्वी मिळविलेला, ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला आणि नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला आहे, असे त्यांनी सिद्ध केले. नमुना चोरीला जाणे ही एक हानी. पण खोट्या स्थळकाळाने झालेली हानी अधिक मोठी मानली पाहिजे, कारण संग्रहालयातील चिठ्ठीवर अभ्यासक सहसा संशय घेत नाहीत.

मांडवी वगळल्यावर जुनी, खरी स्थळेच उरली. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडील स्थळे पाहिली व नंतर ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ (त्या वेळी धुळे, १९९८ पासून नंदुरबार जिल्हा) निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनंतरचे हे दर्शन डेव्हिडसन यांच्याच प्रदेशात घडले.

ओळखीच्या खुणा स्पष्ट आहेत, मात्र त्या नेमक्या पाहाव्या लागतात. लांबी सुमारे २३ सेंमी. असते. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ एकरंगी, करडा-तपकिरी असतो. छातीवर गडद तपकिरी रंग दाट असून पोटाचा खालचा भाग शुभ्र असतो. पंख व शेपटी यांवर रुंद पांढरे पट्टे असतात. डोके, चोच व नखे थोराड दिसतात. सवयींवरूनही तो ओळखू येतो : तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो आणि भक्ष्यावर नजर असताना शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. सरडे, सापसुरळ्या, लहान कृंतक प्राणी व नाकतोडे हे त्याचे भक्ष्य होय. घरटे झाडाच्या ढोलीत असते.

१९९७ नंतर खुणा माहीत असलेले निरीक्षक वनांत जाऊ लागले आणि तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातील खकनार व गुजरातमधील पूर्णा अभयारण्य येथे तो आढळला. २०१४ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तो अथेनी प्रजातीच्या वंशशाखेतच मोडतो असे दाखविले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटनेने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. वृक्षतोड व वनजमिनीवरील शेती यांमुळे जुनी ढोलीची झाडे कमी होत आहेत. काही ठिकाणी अंधश्रद्धेपोटी त्याची शिकारही होते.

(पहा : घुबड, पिंगळा).