घरातली फितुरी

मार्व्ह वुल्फमन हा लेखक आणि जॉर्ज पेरेझ हा चित्रकार, या जोडीने १९८० साली अमेरिकेतील डीसी कॉमिक्ससाठी ‘टीन टायटन्स’ या तरुण महावीरांच्या संघाची चित्रकथा नव्याने सुरू केली. १९८२ मध्ये तीत टेरा नावाची एक कोवळी मुलगी अवतरली. माती व खडक तिच्या आज्ञेत असत. संघाने तिला आपल्यात घेतले. गारफिल्डचे तर तिच्यावर मनच जडले.

पण श्रोतेहो, ती भाडोत्री मारेकरी स्लेड विल्सन याची हेर होती! लेखकाने हे गुपित १९८३ मध्येच वाचकांपुढे उघडे केले. संघ मात्र अंधारात राहिला. ही योजना मोठी मार्मिक. तेथून पुढे तिच्या प्रत्येक हास्याकडे वाचक धास्तीनेच पाहतो.

१९८४ च्या ‘द ज्यूडास कॉन्ट्रॅक्ट’ या कथाभागात (येशूला चुंबन देऊन शत्रूच्या हाती देणाऱ्या यहूदाचे नाव त्यास उगीच दिलेले नाही) वीर एकामागून एक पकडले जातात. डिक ग्रेसन तेवढा निसटतो आणि नाइटविंग हे नवे नाव धारण करून, स्लेडच्याच मुक्या मुलासह सोबत्यांच्या सुटकेस धावतो. टेरा समोर उभी ठाकली तरी गारफिल्ड तिचीच बाजू घेतो: स्लेडनेच तिला बिघडविले असले पाहिजे! लेखक त्याला हा दिलासा देत नाही. द्वेष तिचा स्वतःचाच आहे. संतापाच्या भरात तिने उठविलेल्या खडकांखाली अखेर तीच गाडली जाते.

संघ तिचे दफन आपल्यातील एक म्हणून करतो. दफनास आलेल्या तिच्या भावास फितुरीविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही.