व्हॉलीबॉल आणि स्प्रिंगफील्डचे विद्यालय

आमच्या वाचक बंधुभगिनींपैकी ज्यांचे शिक्षण खेड्यातील शाळेत झाले, त्यांना दोन खांबांमध्ये बांधलेले व्हॉलीबॉलचे जाळे आठवत असेल. क्रिकेटचा खर्च ज्या शाळांस झेपत नसे, त्यांना हा खेळ सोयीचा पडे. तो आला कोठून, असे विचारता बहुतेक जण 'अमेरिकेतून' एवढे सांगून मोकळे होतात. ते खरे, पण अपुरे आहे. हा खेळ जगास मिळाला तो कोणा बड्या विद्यापीठामुळे नव्हे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील एका लहानशा विद्यालयामुळे मिळाला, असे आमचे मत आहे.

१८८५ मध्ये निघालेल्या या विद्यालयात वाय. एम. सी. ए. संस्थेचे व्यायामशिक्षक तयार होत. बास्केटबॉलचा जन्म १८९१ मध्ये येथलाच. येथे शिकलेले विल्यम मॉर्गन जवळच्या होल्योक गावी व्यायामसंचालक झाले. त्यांच्या वर्गास येणारी मंडळी उद्योगधंदा करणारी, वयाने पोक्त. बास्केटबॉलची धावपळ व धक्काबुक्की त्यांना सोसेना. तेव्हा १८९५ मध्ये मॉर्गन यांनी टेनिसचे जाळे साडेसहा फूट उंच बांधले. चेंडूची मात्र अडचण आली. बास्केटबॉल जड पडे, तर त्याच्या आतला नुसता ब्लॅडर फारच हलका. अखेर स्पॉल्डिंग कंपनीने निराळा चेंडू करून दिला. दोन्ही बाजूंस कितीही गडी चालत. या शिक्षकाने माणसांस खेळाच्या मापात बसविले नाही. खेळच माणसांच्या बेताचा केला. आम्हांस यातच त्यांची थोरवी दिसते.

खेळाचे पाळण्यातील नाव 'मिंटोनेट'. १८९६ मध्ये स्प्रिंगफील्डच्या विद्यालयात व्यायामसंचालकांची परिषद भरली. मॉर्गन यांनी तेथे पाच-पाच गड्यांचे दोन संघ खेळविले. मौज अशी की, एका संघाचे नायक होल्योकचे नगराध्यक्ष, तर दुसऱ्याचे तेथील अग्निशामक दलाचे प्रमुख! चेंडू जमिनीस टेकू न देता हवेतल्या हवेत परतविला जातो, यास इंग्रजीत 'व्हॉली' म्हणतात. सबब हॅलस्टेड नामक गृहस्थांनी 'व्हॉली बॉल' हे नाव सुचविले. हे दोन शब्द जोडून एक झाले ते १९५२ मध्ये.

पुढे खेळाचे रूप पालटले. १९१६ च्या सुमारास फिलिपीन्समध्ये एकाने चेंडू उंच उचलून द्यावा व दुसऱ्याने तो सपाट्याने खाली मारावा, ही रीत रूढ झाली. पोक्त गृहस्थांचा विरंगुळा उंचपुऱ्या जवानांचा सामना बनला व १९६४ मध्ये टोकियो येथे ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. जन्मदात्या विद्यालयानेही नाव राखले. अमेरिकेत तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालयांच्या पुरुष संघांची राष्ट्रीय स्पर्धा २०१२ मध्ये सुरू झाली. तिची पहिली तिन्ही विजेतेपदे स्प्रिंगफील्डने पटकावली. तथापि त्या चषकांपेक्षा तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांस आम्ही अधिक मोल देतो. जाळे आणि चेंडू बाजारात मिळतात, शिकविणारा मिळत नाही.

अशांपैकीच एक हॅरी क्रो बक. स्प्रिंगफील्डला शिकून ते आपल्या देशात आले व १९२० मध्ये त्यांनी मद्रासेस वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूबरोबरही ते होते. तेथे तयार झालेले व्यायामशिक्षक देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील शाळांत गेले. बक १९४३ मध्ये वारले. भारतीय व्हॉलीबॉल महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला, तो पाहावयास ते राहिले नाहीत. त्यांचे विद्यालय मात्र मद्रासेत, म्हणजे आताच्या चेन्नईत, आजही चालू आहे.