निळ्या सूर्यापासून उपग्रहापर्यंत : वणव्याच्या धुराचा मागोवा

२६ सप्टेंबर १९५० रोजी स्कॉटलंडमध्ये सूर्य निळा दिसला. पश्चिम कॅनडातील वणव्यांचा धूर हे त्याचे कारण होय. परंतु ते वैमानिकांची निरीक्षणे व वाऱ्यांचे नकाशे जुळवूनच अनुमानावे लागले. १९६० मध्ये ‘टायरॉस-१’ हा हवामान-उपग्रह सोडण्यात आला, तरी साध्या छायाचित्रात धूर व ढग यांतील भेद सहज कळत नसे. १९७८ च्या ‘निंबस-७’वरील ओझोनमापक यंत्राने पुढे हा भेद स्पष्ट केला, कारण धूर अतिनील किरण शोषतो, ढग ते परावर्तित करतात. तथापि अशा चित्रांवरून धुराची उंची निश्चित होत नाही. ती २००६ मध्ये सोडलेल्या ‘कॅलिप्सो’ने लेसर-किरणांनी मोजली. धूर श्वासात उतरणार की डोक्यावरून जाणार, हे या उंचीवरच ठरते. सारांश, धुराची दिशा दिसली म्हणजे त्याचा धोका कळला, असे नव्हे.