लहान पियानोची चाके : एक दुर्लक्षित इतिहास

देवालयाच्या महोत्सवी अंकात पायाचा दगड, वेदी, घंटा आणि धर्मगुरूंची मालिका ह्यांचा इतिहास यावा, हे उचितच होय. परंतु ज्यांच्या आधारावर आमची उपासना व मुलांचे शिक्षण नित्य चालते, अशा कित्येक वस्तू इतक्या खाली दडलेल्या असतात की त्यांकडे कोणाची दृष्टीही जात नाही. सभागृहातील लहान पियानोच्या तळाची चार चाके ही त्यांपैकीच होत. ती झिजली म्हणजे बाजारातून नवी आणून बसविली की काम आटोपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत धोक्याची आहे, आणि तसे का, हे त्या चाकांच्या इतिहासावरूनच कळते. तो इतिहास येथे थोडक्यात सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

पियानो हे वाद्य इ. स. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी ह्या कारागिराने निर्माण केले. त्या काळी त्याचा सांगाडा लाकडी असे व तारा बारीक असत; अर्थात वजनही बेताचेच असे. 1800 साली जॉन आयझॅक हॉकिन्स ह्यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे तारा उभ्या असलेला आटोपशीर पियानो तयार केला. पुढे लंडनच्या रॉबर्ट वॉर्नम ह्यांनी सामान्य गृहस्थाच्या खोलीत मावेल असा बुटका पियानो लोकप्रिय केला. 1825 साली बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉक ह्यांनी बिडाच्या अखंड चौकटीचे पेटंट घेतले. ह्या चौकटीमुळे तारा जाड करून पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक ताणता येऊ लागल्या. आजच्या पियानोत सर्व तारांचा एकूण ताण सुमारे 18 टन भरतो. नाद भरदार झाला. परंतु वाद्य जड झाले.

चाकाचा इतिहास ह्याहून निराळा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेज, पलंग व खुर्च्या ह्यांच्या पायांस गिरकी घेणारी लहान चाके लावू लागले. प्रथम ती चामड्याच्या चकत्यांची असत, पुढे पितळेची आली. 1876 साली अमेरिकेत डेव्हिड फिशर ह्यांनी अशाच सुधारलेल्या चाकाचे पेटंट घेतले. हे चाक मुळात घरातील सामानाचे. दालन झाडताना मेज हातभर सरकावे, एवढेच त्याचे प्रयोजन. तेच पियानोखाली आले. वाद्याचे वजन वाढत गेले, चाक मात्र मेजाचेच राहिले. 1934 साली लंडनमध्ये ‘मिनिपियानो’ निघाला आणि त्याच दशकात बुटक्या ‘स्पिनेट’ पियानोंची चाल पडली. त्यांतील पुष्कळांना पुढे दोन नाजूक पाय असतात. असा लहान म्हणविणारा पियानोही बहुधा 150 किलोंच्या आसपास भरतो.

आता आमच्या ख्रिस्तसभेत ह्या वाद्याचे स्थान कोणते होते, ते पाहू. 22 नोव्हेंबर 1903 रोजी पोप दहावे पायस ह्यांनी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात देवालयात पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई होती. त्यामुळे देवालयात ऑर्गन किंवा हार्मोनियम, आणि शाळेत व सभागृहात पियानो, अशी वाटणी झाली. पुढे 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक घोषणापत्राने पाइप ऑर्गनचा मान राखून, अधिकारी वर्गाच्या संमतीने इतर योग्य वाद्यांसही वाट मोकळी केली. 5 मार्च 1967 च्या आदेशपत्राने प्रत्येक लोकसमाजाची संस्कृती व परंपरा ध्यानी घेण्यास सांगितले. पेटी हातात उचलून वेदीजवळ नेता येते. पियानोला मात्र सभागृहातून देवालयात आणावयाचे, तर अंगण व उंबरठा ओलांडावा लागतो. आणि मेजासाठी जन्मलेल्या त्या चाकाची खरी परीक्षा तेथेच होते. उंबरठ्याच्या एका धक्क्याने चाक मोडते, पुढचा पाय निखळतो, आणि बिडाची चौकट मागच्या बाजूस असल्याने सारे धूड मागे कलंडू शकते.

भिवंडीत ह्या कामी एक विशेष मोह आहे. आमचे गाव यंत्रमागांचे, आणि अलीकडे गोदामांचेही. येथे माल वाहणाऱ्या ट्रॉलीची चाके हवी तेवढी मिळतात व ती भारही उत्तम सोसतात. परंतु त्यांच्या उंचीने पियानो चार बोटे वर उचलला जातो. मग वादकाचे मनगट अवघडते, पायपट्टी टाचेस साधत नाही, आणि उंचावलेले वाद्य अधिकच डळमळते. भार सोसणे हा चाकाचा एक गुण झाला. वाद्य आपल्या जागी राखणे हा दुसरा, आणि तो तितकाच आवश्यक होय.

म्हणून निवड करताना प्रथम वजन पाहावे. पियानो 160 किलोंचा धरला, तर चार चाकांवर प्रत्येकी 40 किलो येतात. परंतु शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. एक चाक अधांतरी राहिले की उरलेल्या तिघांवर प्रत्येकी 53 किलोंहून अधिक भार येतो, आणि धक्का बसताच त्याहूनही जास्त. यास्तव प्रत्येक चाक एकंदर वजनाच्या निम्मे, म्हणजे 80 किलो, सोसणारे असावे. दुसरे, जुने चाक काढून जमिनीपासून लाकडापर्यंतची उंची मोजावी व नवे तेवढ्याच उंचीचे घ्यावे. तिसरे, चाक खुंटीने बसते की स्क्रूच्या पट्टीने, हे पाहावे. खुंटीची जाडी व लांबी तंतोतंत जुळली पाहिजे. स्क्रूची भोके सैल झाली असल्यास सागाची खुंटी सरस लावून ठोकावी व मगच नवा स्क्रू फिरवावा. चौथे, उघडे पितळ दगडी फरशीवर खडखडते, तर मऊ रबर एके जागी उभे राहून चपटे होते. कठीण रबराचे रुंद किंवा जोडचाक बरे. पाचवे, चारही चाके एकाच वेळी बदलावी. आणि पियानो वारंवार न्यावयाचाच असेल, तर लहान चाकांचा नाद सोडून त्याखाली मोठ्या चाकांची, पुढेमागे पसरलेली रुंद चौकट द्यावी.

काम करताना चार सशक्त माणसे असावीत, एक बाजू उचलून तिखाली लाकडी ठोकळे द्यावेत, आणि ठोकळे बसल्याविना कोणीही हात आत घालू नये. मुलांस त्या वेळी दालनाबाहेर ठेवावे. एरवीही पियानो ढकलण्याचे काम त्यांजकडे कधी देऊ नये. पियानो कलंडून बालकांस प्राणांतिक इजा झाल्याची उदाहरणे जगात घडली आहेत. आमच्या सभागृहात त्याच वाद्याभोवती नाताळची गीते शिकण्यास सर्वांत लहान मुले सर्वांत जवळ उभी राहतात. चार चाकांच्या खर्चाचा विचार करताना धर्मग्रामस्थांनी हिशेबाच्या वहीआधी ह्या मुलांकडे पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.